उपवासाचं फडकं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि देवाला तर नाहीच नाही. देवाला सांगायला तोंड कुठं आहे? त्यालाच तर यात ओढलंय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही माझ्याकडं दळण घेऊन येणार नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला खरं सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. सगळा रोग तिथंच आहे, पण तिकडं हळूहळू येतो. एकदम नाही जमायचं.

माझी पिठाची गिरणी आहे, विंझरमध्ये, वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. वडिलांनी घातली, मी चालवतो. हा धंदा मला मनापासून आवडतो. गरम पिठाचा वास, पट्ट्याची फटफट, नंबर लागेपर्यंत उंबऱ्यावर टेकलेल्या बायांच्या गप्पा. कुणाच्या पोरीचं जमलं आणि कुणाचं बोलणं फिसकटलं, हे मला सोयऱ्यांच्या आधी कळतं. शिवाय भुवयांवर पीठ घेऊन बसलेला माणूस सगळ्यांना भोळा वाटतो. या भोळेपणावर मी बरीच वर्षं मजेत काढली आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? अडचण म्हणजे गिऱ्हाईक. सगळी नव्हेत — चार-दोन. पण ही चार-दोन अशी, की बाकी शंभरांनी दिलेला आनंद ती एका सकाळीत फस्त करतात. एक रिटायर झालेले तात्या होते. ते स्वतःचा ताणकाटा घेऊन यायचे, आधी ज्वारी तोलायचे, मग पीठ तोलायचे, आणि मधली तूट कुठं गेली म्हणून माझ्या भुवयांकडं बघत राहायचे. पुण्याहून येऊन इकडं फार्महाऊस बांधलेल्या एक बाई होत्या. त्या सात धान्यं सात पिशव्यांत आणायच्या, प्रत्येकाचं पीठ वेगळ्या जाडीचं हवं, आणि वर मोबाईलवर मलाच दाखवायच्या की गिरणी कशी चालवावी. यांना 'जमणार नाही' असं एका वाक्यात सांगणारा माणूस वेगळा. मला नाही येत ते. मला सगळ्यांशी गोड राहायचं असतं. गोड राहण्याची ही हौस फार वाईट, बरं का. शिव्या देणारा माणूस परवडतो.

आणि या सगळ्यांची महाराणी म्हणजे हौसाक्का. वरच्या वाडीतली, माझ्या आईच्या वयाच्या आसपासची, ताठ कण्याची, आणि जीभ अशी की विळा लाजेल. ती दळण ठेवून कधी जायची नाही. समोर उभी राहायची. तांदूळ पडायला लागले की दोन बोटांत पीठ चोळायची, "जाड हाय, बंद कर" म्हणायची. मी दगड जरा आवळायचो. परत चोळायची, "आता तापतंय, ढिला कर." शेवटी पीठ पडायची कापडी बाही मला तिच्यासमोर तीनदा झटकायला लावायची, आत तिचं चिमूटभरसुद्धा राहू नये म्हणून. मागं रांग खोळंबलेली, आणि ही निवांत. बरं, पीठ बिघडलं असं कुणी म्हणालं तर भांडायलाही माझ्याच बाजूनं हीच उभी राहणार! माणूस वाईट नव्हती. फक्त ती आली की माझा घाम निघायचा.

तर आता त्या फडक्याबद्दल.

आमच्याकडं उपवासाचं दळण साध्या दळणात मिसळू देत नाहीत. वरई, साबुदाणा, राजगिरा भाजून त्याची भाजणी दळायची तर गिरणी आधी साफ करावी लागते. दगड उघडून ब्रशनं झाडायचे, वरचं पत्र्याचं तोंड ओल्या कापडानं पुसायचं, बाही बदलायची. धान्याचा एक कण भाजणीत गेला तर उपवास मोडला. म्हणून वडिलांची पद्धत अशी होती, की एकादशीच्या किंवा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी गिरणी साफ केली की दाराच्या कडीला पांढरं फडकं बांधायचं. ते दिसलं की गहू-ज्वारीवाल्यांनी ओळखायचं आणि उद्या यायचं. तीच पद्धत मी पुढं चालवली. अगदी इमानानं चालवली हो, बरीच वर्षं.

मग एका एकादशीच्या आधी ते तात्या ताणकाटा घेऊन आले. फडकं पाहिलं, काटा खिशात घातला, दाराला हात जोडले आणि गेले. मी बघतच राहिलो. सुंठीवाचून खोकला गेला होता. त्या रात्री जेवताना मी एकटाच हसत होतो. सुनंदा — माझी बायको — विचारत होती काय झालं म्हणून. मी म्हणालो, काही नाही.

तिथून सुरुवात झाली. वळणावर नको ते गिऱ्हाईक दिसलं की मी मशीन बंद करायचो आणि कडीला फडकं बांधायचो. गिऱ्हाईक गेलं की सोडायचो. आपल्याकडं उपवासांना तोटा आहे का? सोमवार महादेवाचा, मंगळवारी चतुर्थी नाहीतर देवी, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी तेवढी माझी पंचाईत व्हायची. एकदा बुधवारीच फार्महाऊसच्या बाई आल्या, तेव्हा मी भोरमधल्या कुठल्याशा मंडळाचं पारायण काढलं आणि त्यांची भाजणी आहे म्हणून सांगितलं. बाई भारावून गेल्या. मोबाईलवर फडक्याचा फोटो काढून घेऊन गेल्या.

मजा वाटत होती मला. खोटं कशाला बोलू? आता तरी कशाला बोलू? साप मेला होता आणि काठीही शाबूत होती. वर 'दिनूभाऊ सोवळ्याचा माणूस' असं नावही झालं. हौसाक्काला तर मी किती वेळा परत पाठवलं याची गणतीच नाही. ती डोक्यावर डबा घेऊन वाडीवरून उतरायची, फडकं बघायची, आणि तशीच वडापच्या जीपची वाट बघत रस्त्याला उभी राहायची, पुढच्या गावच्या गिरणीत जायला. मी आतून बघायचो. वाईट वाटायचं का? थोडं. जीप आली की तेही जायचं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटलं असेल की एवढंच. एवढंच असतं तर मी हे सांगत बसलो नसतो.

भोगीच्या आधीचे दिवस होते. आमच्याकडं भोगीला घराघरात बाजरीची भाकरी, त्यामुळं गिरणीत बाजरीच्या डब्यांची रांग. बाया डबे ठेवून शेतावर गेल्या होत्या. सकाळी वळणावर हौसाक्का दिसली. मी सवयीनं मशीन बंद केलं, फडकं बांधलं. ती आली, दारातूनच बघितलं, आणि डोक्यावरचा डबा तसाच घेऊन गेली. पण वडापला उभी राहिली नाही, परत वाडीकडं वळली. मला त्यात काही वाटलं नाही. मी मशीन चालू केलं आणि दुपारपर्यंत सगळी बाजरी दळून मोकळा झालो. फडकं सोडायचं मात्र विसरलो.

दुपारी चहा घेत बसलो होतो, तर हौसाक्का पुन्हा दारात. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, पायात चप्पल नाही. हातात पितळेचा घासलेला डबा. तिनं बाहेरूनच हात जोडले आणि म्हणाली, "दिनकरा, मशीन धुतलंयस न्हवं? मग माझीबी भाजणी घे. संदीपसाठी सोमवार धरलेत म्या. पोरगं भरतीला उभं राहतंय."

संदीप म्हणजे तिचा धाकटा पोरगा. पोलीस भरतीसाठी पहाटे या रस्त्यावर पळताना मी त्याला रोज बघायचो. त्याला नोकरी लागेपर्यंत सोमवारी फक्त या भाजणीचं थालीपीठ खायचं, बाकी काही नाही, असा तिनं मेंगाईदेवीला नवस बोलला होता.

आणि मशीनच्या आत बाजरी होती. दगडात, तोंडात, बाहीत, सगळीकडं.

सांगायला काय लागत होतं? "आक्का, अर्धा तास थांबा, परत एकदा झाडून घेतो." बस. पण तिच्यासमोर दगड उघडले असते, तर राखाडी पीठ भसकन खाली पडलं असतं, आणि सकाळचं फडकं खोटं होतं हे तिला कळलं असतं. तेच नाही, आधीची सगळी फडकीही कळली असती. ती काही वेडी नव्हती. मी डबा घेतला. पहिली मूठ आधी टाकून ती बाजूला काढली, वाटलं तेवढ्यात आतलं निघून जाईल. मग उरलेलं ओतलं.

त्या दिवशी हौसाक्कानं पीठ चोळून बघितलं नाही. जाड म्हणाली नाही, तापतंय म्हणाली नाही, बाही झटकायला लावली नाही. उपवासाचं आहे, गिरणी सोवळ्यात आहे, मग आपण कशाला हात घालायचा, म्हणून मागं हात बांधून उभी राहिली. माझं सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक त्या दिवशी सगळ्यांत सोपं झालं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, नाही का? मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

पुढं भरती झाली. संदीप एका गुणानं राहिला.

मी तसा नवसावर फार विश्वास ठेवणारा माणूस नाही. एका गुणानं तर कितीतरी पोरं राहतात. पण हौसाक्काचा हिशेब वेगळा होता — उपासात कुठंतरी खोट राहिली. तिनं घर धुंडाळलं. भाजणीच्या डब्याच्या तळाला तिला बाजरीचे कण सापडले. दिसणारच, तिच्या नजरेतून काय सुटतंय? आणि घरात बाजरीच्या पिठात हात घालणारं माणूस कोण? थोरली सून, मंदा. भाकऱ्या तीच थापते. बाजरीचा हात भाजणीच्या डब्याला लागला, झालं. गिरणीचं नावही तिच्या मनात आलं नाही. गिरणीला तर फडकं होतं.

मंदा उत्रोलीची, भोरजवळच्या. हसरी, बोलकी, कामाला वाघ. सुरुवातीला ती म्हणाली की माझा हात लागलाच नाही. मग भांडण, रडारड, नवऱ्याची मान खाली. हौसाक्का तिच्याशी बोलेना. भाजणीचा डबा देवाच्या फळीवर गेला आणि मंदानं तिकडं फिरकायचं नाही असं ठरलं. संदीपनंही, असं ऐकलं, वहिनीकडून ताट घेणं सोडलं. पोरगं नुसतं स्वतःचं वाढून घ्यायला लागलं. हे सगळं हौसाक्का माझ्याच गिरणीत, माझ्याच उंबऱ्यावर बसून बायांना सांगत होती. मी पट्टा तपासत होतो. पट्ट्याला काही झालं नव्हतं. तरी मी वाकून वाकून तपासत होतो.

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलोय तेही नव्हे. ते आता येतंय.

थोड्या दिवसांनी मंदा एकटी आली. ज्वारीचा डबा ठेवला आणि बाकीच्या बाया जाईपर्यंत थांबून राहिली. मग मशीनच्या आवाजात, जवळ येऊन म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. तुमच्या हितं तर न्हाई ना काय मिसळलं?"

बघा! विचारलं तिनं मला. सरळ विचारलं. देवानं म्हणा, नशिबानं म्हणा, दार उघडून माझ्यासमोर धरलं होतं. एक 'हो' म्हटलं असतं की सुटलो असतो, आणि तीही सुटली असती.

मी म्हणालो, "आपल्याकडं? अगं, फडकं बांधलेलं होतं."

तिचा चेहरा उतरला. पिठाखालचा डबा तिनं सरळ केला. मग हळूच म्हणाली, "व्हय, तेबी खरंच. मग माझाच हात लागला असंल. म्या लई आठवून बघितलं, पर गडबडीत काय ध्यानात ऱ्हातंय?"

आणि मी — ऐका — मी तिची समजूत काढली. म्हणालो, "होतं गं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

होतं गं असं! केवढ्या मायेनं म्हणालो. ती डोळे पुसून हसली सुद्धा. घरी जाऊन तिनं सासूच्या पाया पडून चूक कबूल केली, हे मला दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावरच कळलं. हौसाक्का विरघळली, घर पुन्हा बोलायला लागलं. करून सवरून मी नामानिराळा राहिलो होतो, वर पोरीला धीर दिला म्हणून हौसाक्कानं मला घरची काकडी आणून दिली. खाल्ली मी. चांगली होती.

पुढच्या वर्षी संदीप पुन्हा भरतीला उतरला आणि हौसाक्का आदल्या दिवशी सांगून पुन्हा भाजणी घेऊन आली. त्या दिवशी मात्र मी पहाटेच गिरणीत गेलो. दगड उघडून ब्रशनं, मग फडक्यानं, मग फुंकून फुंकून साफ केले. कोरी बाही शिवून घेतली होती, ती चढवली. सुनंदा म्हणाली, आज कोण येणार आहे, मामलेदार? भाजणी अशी पांढरीस्वच्छ पडली की विचारू नका.

संदीप निवडला गेला.

आनंद झाला हो मला, अगदी मनापासून. वाडीवर फटाके वाजले ते गिरणीत ऐकू आले. आणि मग, पहिल्या फटाक्यांचा धूर विरायच्या आत, लक्षात आलं मी काय केलं ते. गेल्या वर्षी मंदा डब्याजवळ होती, पोरगं राहिलं. या वर्षी तिला लांब ठेवलं, पोरगं निवडलं गेलं. आता तर पुरावाच झाला. तिच्यावर शंका होती तोवर ती कधीतरी पुसली गेली असती. मी गिरणी साफ करून तिच्यावर शिक्का मारला होता.

पेढे घेऊन मंदाच आली. आनंदानं नुसती फुलली होती. म्हणाली, या वर्षी मी त्या डब्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही भाऊ, म्हणून झालं. मी पेढा तोंडात टाकला.

आता त्या घरात सगळं छान आहे, हेही सांगतो. हौसाक्काला सुनेशिवाय घास जात नाही. संदीप वर्दीत येतो तेव्हा आधी वहिनीला नमस्कार करतो. आणि ती गोष्ट आता घरचा विनोद झाली आहे. मंदाच तो सगळ्यांत रंगवून सांगते, 'आमच्या दिराची एक भरती माझ्या बाजरीच्या हातानं खाल्ली' असं, हात नाचवून. उंबऱ्यावरच्या बाया पोट धरून हसतात. संदीपच्या लग्नात हौसाक्कानं नव्या नवरीला सगळ्यांदेखत बजावलं, की या थोरल्या जावेला उपासाच्या डब्याजवळ येऊ देऊ नकोस. मांडव हसला. मंदा सगळ्यांत जास्त हसली. मीही पंगतीत होतो, मीही हसलो. मला हसू येतं, हे लपवत नाही. ती सांगतेच तशी.

फडकं मी अजून बांधतो, पण फक्त खरोखर साफ केल्यावर. तात्या वारले. फार्महाऊसच्या बाईंचे सात प्रकार मी आता मुकाट्यानं दळतो. यानं काही भरून निघतं असं मी म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मंदा आली होती. तिची पोरगी नर्सिंगच्या परीक्षेला बसली आहे, म्हणून आता तिनं स्वतः गुरुवार धरलेत. सोबत धाकटी जाऊ होती. भाजणीचा डबा जावेच्या हातात, मंदा दोन पावलं मागं, पदर सावरत. मी गिरणी साफ करून ठेवली होती. डबा पुढं आला तेव्हा मी सहज म्हणालो, आण ना तूच, ओत तुझ्या हातानं, तुझ्या पोरीचं आहे.

ती दोन्ही हात पाठीमागं घेऊन हसली.

"नको भाऊ, तुमीच वता. माझ्या हाताचं काय खरं न्हाई."

समोर उभी होती. मशीन अजून चालू केलेलं नव्हतं, आवाज नव्हता, रांग नव्हती. तो हात तुझा नव्हता मंदा, ती बाजरी माझ्या गिरणीतली होती — एवढंच म्हणायचं होतं.

मी जावेच्या हातातून डबा घेतला आणि ओतला.